दरडोई म्हणजे कोणाच्या डोई?

दरडोई उत्पन्न ही कल्पना शाळेत आपण एका ओळीत शिकवतो. देशाचे वर्षाचे एकूण उत्पन्न अंशस्थानी लिहायचे, लोकसंख्या छेदस्थानी लिहायची आणि भागाकार करायचा. पाचवीतल्या मुलालाही जमेल असे हे गणित. पण आपल्या देशात हा भागाकार प्रथम झाला तेव्हा त्यावरून सरकार आणि लोकपुढारी यांच्यात पिढीभर भांडण चालले. ज्यांनी तो केला त्यांना अंशातला प्रत्येक पसा धान्य शोधून काढावा लागला. आणि छेदात नेमकी कोण माणसे धरायची, हा प्रश्न तर आजही सुटलेला नाही.

या आकड्याची गोष्ट सांगायला जगभर हिंडावे लागते हे खरे. पण पुण्याच्या पश्चिमेला पवनेच्या काठापासून मुळशी धरणापर्यंतचा पट्टा घेतला तर त्या गोष्टीतले बरेचसे सारे एका दिवसाच्या सहलीत पाहता येते. म्हणून तिथूनच सांगतो. सुरुवात मात्र मुंबईत करावी लागेल.

दादाभाई नौरोजी हे एल्फिन्स्टन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. पुढे ते राजकारणात गेले तरी त्यांची गणिती सवय सुटली नाही. हिंदुस्थान गरीब आहे असे नुसते म्हणून भागणार नाही, किती गरीब ते सांगितले पाहिजे, या विचाराने त्यांनी सरकारचेच अहवाल समोर घेतले. प्रत्येक प्रांतात कोणत्या पिकाखाली किती एकर जमीन आहे, एकरी पीक किती, बाजारभाव काय, असा गुणाकार करत ते पुढे गेले. त्यात मीठ, खनिजे, कारखानदारी वगैरेंची भर घातली. १८६७ ते १८७० या काळाच्या आकडेवारीवरून एकूण उत्पन्न आले सुमारे ३४ कोटी पौंड. ब्रिटिश मुलुखातली लोकसंख्या सुमारे १७ कोटी. म्हणजे माणशी वर्षाला दोन पौंड, त्या वेळचे २० रुपये.

१८७६ साली मुंबईत वाचलेल्या निबंधात दादाभाईंनी हा हिशेब मांडला आणि त्याच्या शेजारी दुसरा एक आकडा ठेवला. सरकार तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नावर आणि कपड्यांवर वर्षाला किती खर्च करते, हा तो आकडा. तो २० रुपयांहून जास्त भरत होता! सरासरी हिंदी माणसाचे सगळे उत्पन्न कैद्याच्या पोटाला आणि अंगालाही पुरले नसते. तुलनेसाठी इंग्लंड नको, फ्रान्स नको, आपलाच तुरुंग पुरे, ही त्यातली खुबी वर्गात जरूर सांगावी अशी आहे.

सरकारला उत्तर देणे भाग पडले. १८८२ साली बेअरिंग आणि बार्बर या दोन अधिकाऱ्यांनी माणशी २७ रुपये असा आकडा काढला. १९०१ मध्ये लॉर्ड कर्झनने तो ३० रुपये झाल्याचे सांगितले. त्याच वर्षी विल्यम डिग्बी या इंग्रज लेखकाने जाडजूड ग्रंथ लिहून तो १८ च्या आसपासच आहे असे मांडले. एकाच देशाचे, जवळजवळ एकाच काळाचे हे आकडे. फरक पडत होता तो एकरी पीक किती धरायचे आणि शेतीबाहेरचे उत्पन्न किती मानायचे, यात. शिवाय २७ चे ३० झाले म्हणजे लोकांची स्थिती सुधारली, असे म्हणताना रुपयाला येणारे धान्य तेवढेच राहिले होते का, हेही पाहायला हवे होते. मधल्या काळात १८९६–९७ आणि १८९९–१९०० असे दोन मोठे दुष्काळ होऊन गेले होते. धान्य महागले की शेतमालाची रुपयांतली किंमत फुगते, पण धान्याची रास मोठी होत नाही. आज अर्थशास्त्राच्या पुस्तकात ‘चालू किंमती’ आणि ‘स्थिर किंमती’ असा जो भेद शिकवतात, त्याची गरज त्या वादातूनच दिसून येते.

जाता जाता शिक्षकांसाठी एक नाव. या आकडेवारीच्या लढाईत पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात ज्यांचे लेख येत आणि नामदार गोखले आपल्या भाषणांसाठी ज्यांच्याकडून आकडे समजावून घेत, ते रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी हे पेशाने शाळामास्तर होते. सरकारी हायस्कुलाची हेडमास्तरकी सांभाळून त्यांनी हा सारा उद्योग केला. त्यांची आठवण आता फारशी कोणी काढत नाही.

दादाभाईंनी वरून खाली पाहिले होते, म्हणजे देशाची बेरीज करून भागाकार केला. खालून वर पाहण्याचे काम एका रसायनशास्त्रज्ञाने केले. डॉ. हॅरॉल्ड मॅन हे आसामात चहावर संशोधन करून नंतर पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. इंग्लंडात यॉर्क शहरातल्या गरिबीची राउन्ट्रीने केलेली पाहणी १९०१ साली प्रसिद्ध झाली होती. तिच्या धर्तीवर मॅननी तिकडच्या एका खेड्याची पाहणी केली होती. तीच दृष्टी घेऊन त्यांनी पुण्याजवळचे एक गाव निवडले. गावाचे नाव पिंपळे सौदागर. पवनेच्या काठचे, खडकीच्या दारूगोळा कारखान्यापासून चालत जाण्याजोगे. १९१४–१५ च्या सुमारास केलेली ही पाहणी १९१७ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. दादाभाईही त्याच वर्षी वारले.

मॅननी गावची जुनी दप्तरे पाहिली. १७७१ साली, म्हणजे पेशवाईत, या गावात एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १८१८ साली ती साडेसतरा एकर झाली. त्यानंतरच्या वीस-बावीस वर्षांत १४ एकरांवर आली आणि १९१४–१५ साली ७ एकर उरली. बरे, ती ७ एकरही एका जागी नव्हती. १५६ खातेदारांच्या जमिनीचे ७२९ तुकडे पडले होते. त्यांतले ४६३ तुकडे एकराच्या आतले, आणि ११२ तर पाव एकराच्या, म्हणजे दहा गुंठ्यांच्याही आतले. इतक्या लहान पट्टीवर औत फिरवायचे म्हणजे वळणावरच अर्धी जमीन जायची.

पण मॅन यांचे खरे काम याच्या पुढचे आहे. त्यांनी गावाची सरासरी काढून हात झटकले नाहीत. १०३ कुटुंबांचा एकेक हिशेब मांडला. जमिनीतून काय येते, बाहेरच्या मजुरीतून काय येते, सावकाराला व्याज किती जाते, आणि गावाच्याच रीतीने साधेपणी राहायला किती लागते. उत्तर असे आले : केवळ जमिनीवर नीट निभावणारी कुटुंबे ८. जमीन अधिक बाहेरची कमाई मिळून निभावणारी २८. उरलेल्या ६७ कुटुंबांचा जमाखर्च बसतच नव्हता. आणि हे शहराजवळचे, कारखान्याची मजुरी मिळणारे गाव होते! पुढे मॅन आणि कानिटकर यांनी जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाची अशीच पाहणी १९२१ मध्ये प्रसिद्ध केली. तिथे न निभावणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ८५ निघाले.

त्याच १९२१ साली, पिंपळे सौदागरच्या पश्चिमेला काही कोसांवर, मुळशी पेट्यात सत्याग्रह सुरू झाला. टाटांच्या वीज कंपनीने मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायला घेतले होते. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळे कामावर जाऊन बसले. पुढे तीन वर्षे हा लढा रेटणारे पांडुरंग महादेव बापट यांना लोकांनी ‘सेनापती’ म्हटले ते इथेच. विनायकराव भुस्कुटे हे त्यांचे जोडीदार. सुमारे पन्नास गावे आणि अकरा हजार माणसे उठवली जाणार होती. त्यांतल्या बऱ्याच जमिनींवर पुण्यातल्या सावकारांचे बोजे होते. हे सावकार आरंभी लढ्याच्या बाजूने बोलले, मोबदल्याचा आकडा पटला तसे मागे सरले. कुळांच्या हाती फारसे काही लागण्यासारखे नव्हते. लढा १९२४ च्या अखेरीस संपला. १९२७ मध्ये कोकणात भिरा येथे वीज तयार होऊ लागली.

यातले विज्ञान सोपे आणि सुंदर आहे. मुळशीचे पाणी मुळेतून, भीमेतून पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे जायचे. सह्याद्रीच्या माथ्यावर ते अडवून पश्चिमेच्या कड्यावरून खाली सोडले, तर त्याला सुमारे ५०० मीटरची झेप मिळते. एक घनमीटर पाणी म्हणजे १,००० किलो. ते ५०० मीटर खाली आले की १,००० × ९.८ × ५०० म्हणजे ४९ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. ३६ लाख ज्यूलचे एक युनिट. तेव्हा हे झाले सुमारे १.३६ युनिट. नळ, चक्की आणि जनित्र यांतली घट वजा केली तरी घनमीटरमागे एक युनिटाहून थोडी अधिक वीज पदरात पडते. मावळात पाऊस तर असा की धरण भरेल का याची चिंता क्वचितच करावी लागते. खोपोलीला १९१५ मध्ये, भिवपुरीला १९२२ मध्ये आणि भिऱ्याला १९२७ मध्ये अशी तीन केंद्रे झाली. लांबून आणलेल्या कोळशावर चालणाऱ्या मुंबईच्या गिरण्या या विजेवर चालू लागल्या.

आता आपला भागाकार इथे लावून पाहू. मुळशी खोऱ्यातले भाताचे पीक गेले, ही अंशातली वजाबाकी. वीज आणि तिच्यावर निघालेले कापड, ही अंशातली बेरीज. बेरीज वजाबाकीपेक्षा कितीतरी मोठी, यात शंका नाही. लोकसंख्या तीच. म्हणजे मुंबई इलाख्याचे दरडोई उत्पन्न वाढले. धरणाच्या बाजूने तेव्हा जे बोलले जाई त्यातले हे गणित चुकीचे नव्हते. चूक असलीच तर ती पुढच्या पायरीवर होती : दरडोई वाढले म्हणजे प्रत्येक डोईचे वाढले, असे गृहीत धरण्यात. जी अकरा हजार माणसे उठली ती छेदातून नाहीशी झाली नाहीत. मुळशीच्या छेदातून निघून ती दुसऱ्या कुठल्या तरी गावाच्या, शहराच्या छेदात जाऊन पडली. गंमत अशी की, गरीब माणसे उठून गेल्यामुळे उरलेल्या मुळशीची सरासरी कागदावर वाढलेलीही दिसू शकते. कोणाचीही मिळकत एका पैने न वाढता सरासरी वाढण्याचा हा प्रकार मुलांना पाच-सहा आकडे घेऊन फळ्यावर सहज करून दाखवता येईल.

धरण नकोच होते असे मला म्हणायचे नाही. गिरणीत पाळी करणारा कोकणातला किंवा साताऱ्याचा मजूर हाही त्याच छेदातला माणूस होता. पण मॅनसारखा एखादा माणूस १९२० साली मुळशीच्या गावांत घरोघर वही घेऊन बसला असता, तर मोबदल्याची बोलणी वेगळ्या पायावर झाली असती, असे मला राहून राहून वाटते.

स्वातंत्र्यानंतर देशाच्या बेरजेचे काम सरकारनेच रीतसर हाती घेतले. १९४९ मध्ये राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. अध्यक्ष प्रशांतचंद्र महालनोबीस, सदस्य व्ही. के. आर. व्ही. राव आणि पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. समितीच्या अखेरच्या हिशेबाप्रमाणे १९४८–४९ चे दरडोई उत्पन्न सुमारे २४७ रुपये आले. २० वरून २४७! पण हे रुपये वेगवेगळे. दादाभाईंच्या रुपयाला जे धान्य येई ते आता कित्येक रुपयांना येत होते. म्हणून लांब काळाची तुलना करायची तर सगळी वर्षे एकाच मापाने मोजावी लागतात.

हे काम जगातल्या बहुतेक देशांसाठी करण्याचा खटाटोप अँगस मॅडिसन या अर्थशास्त्रज्ञाने (१९२६–२०१०) केला. त्याने माप घेतले ते १९९० सालच्या एका कल्पित डॉलरचे. कल्पित अशासाठी की, बाजारातल्या डॉलरच्या दराने तुलना केली तर फसगत होते. पौडातला न्हावी आणि न्यूयॉर्कचा न्हावी सारखेच केस कापतात, पण पौडातल्या न्हाव्याची मजुरी डॉलरमध्ये बदलली तर ती नगण्य दिसते. म्हणून प्रत्येक देशात त्या पैशात प्रत्यक्ष काय विकत येते हे पाहून हा डॉलर ठरवलेला असतो.

या मापाने हिंदुस्थानचे दरडोई उत्पन्न १८७० साली ५३३, १९१३ साली ६७३ आणि १९५० साली ६१९ असे येते. ऐंशी वर्षांत शेकडा सोळा वाढ, तीही मध्येच चढून उतरलेली. वर्षाला शेकडा ०.२ सुद्धा नाही. चक्रवाढीचा एक जुना आडाखा आहे : ७० ला वाढीच्या टक्केवारीने भागले की दुप्पट व्हायला लागणारी वर्षे मिळतात. ०.१९ ने भागून पाहा. ३७० वर्षे येतात. त्याच ऐंशी वर्षांत ब्रिटनचे उत्पन्न दुपटीहून जास्त झाले. जपान तर १८७० मध्ये आपल्याहून फार पुढे नव्हता; १९५० पर्यंत, युद्धात बेचिराख होऊनही, तो आपल्या तिप्पट झाला. १८७० च्या आधीचे आकडे अंदाजाचे. पण ब्रॉडबेरी, कस्टोडिस आणि विष्णुप्रिया गुप्ता यांनी २०१५ मध्ये मांडलेल्या हिशेबाप्रमाणे १६०० साली हिंदुस्थानचे दरडोई उत्पन्न ब्रिटनच्या शेकडा साठहून अधिक होते, ते १८७१ पर्यंत शेकडा पंधराच्या खाली आले. म्हणजे घसरण कंपनी सरकारच्या आधीच सुरू झाली होती, नंतर ती थांबली, पण वर चढण काही लागली नाही. दादाभाईंनी ज्या सपाट रेषेवर बोट ठेवले ती रेषा पुढे पाऊणशे वर्षे सपाटच राहिली. पिंपळे सौदागरच्या ४० एकरांचे ७ एकर झाले, हा त्याच रेषेचा गावातला चेहरा.

१९५० नंतर रेषेला पहिले वळण लागले. १९५० ते १९८० या काळात दरवर्षी सुमारे १.४ टक्के वाढ. आडाख्याने दुप्पट व्हायला पन्नास वर्षे. राजकृष्ण या अर्थशास्त्रज्ञाने १९७८ साली या मंद गतीला ‘हिंदू वाढीचा दर’ असे चेष्टेने म्हटले आणि ते नाव चिकटले. माझ्या मते ते अन्यायाचे आहे. शेकडा ०.२ वरून १.४ म्हणजे सातपट वेग, तोही लोकसंख्या वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वेगाने वाढत असताना. १९२१ च्या शिरगणतीत देशाची लोकसंख्या आधीच्या दहा वर्षांपेक्षा कमी भरली होती. इन्फ्लुएंझाने माणसे मारल्यामुळे छेद लहान झाला होता. १९५० नंतर छेद मोठा झाला तो माणसे जगू लागल्यामुळे. सरासरीला हा फरक कळत नाही.

१९८० नंतर दुसरे वळण. १९८० ते २००८ या काळात वाढ वर्षाला सुमारे ४ टक्के पडते, म्हणजे सतरा-अठरा वर्षांत दुप्पट. मॅडिसनच्या मालिकेत २००८ साली भारताचा आकडा २,९७५ आहे. पण शेजारी पाहिले की फुशारकी उतरते. दक्षिण कोरिया १९५० मध्ये ८०० च्या आसपास होता, २००८ मध्ये साडेएकोणीस हजारांच्या पुढे गेला. चीन १९५० मध्ये साडेचारशेच्या आत, आपल्या मागे होता. २००८ मध्ये ६,७०० ओलांडून आपल्या दुपटीहून पुढे. उलट झाईर, आजचे काँगो, १९७३ मध्ये आपल्या जवळपास होता, तो पुढच्या पंचवीस वर्षांत एक-तृतीयांशाच्या खाली घसरला. ‘विकसनशील देश’ असा एक गठ्ठा बांधून आपण शिकवतो, पण या देशांच्या रेषा एकमेकींना समांतर नाहीत. सुरुवातीची गरिबी सारखी असूनही पन्नास वर्षांत कोण कुठे जाईल हे तिच्यावरून सांगता आले नसते. कोरियात जमीन-सुधारणा आणि सक्तीचे प्राथमिक शिक्षण आधी झाले, कारखाने मागून आले, एवढे मात्र लक्षात ठेवण्याजोगे आहे.

मधल्या काळात पुण्यातच मॅनचा प्रश्न पुन्हा विचारला गेला. गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्यावरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाला दिवसाला २,२५० कॅलरी मिळतील इतके अन्न आणि बाकीच्या किरकोळ गरजा यांना १९६०–६१ च्या भावाने ग्रामीण भागात महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये लागतात, असे त्यांनी धरले. तेवढेही न मिळणारे लोक खेड्यांत शेकडा ४० आणि शहरांत शेकडा ५० निघाले. पुढे साठच्या दशकात दरडोई उत्पन्न थोडे वाढले, पण वाढ बहुतांशी वरच्या थरांतच मुरली, असा त्यांचा निष्कर्ष. सरासरीखाली किती जण आहेत हे मोजल्याशिवाय सरासरीचा अर्थ लागत नाही, ही मॅनचीच रीत. फक्त १०३ कुटुंबांऐवजी साऱ्या देशाला लावलेली.

आता पुन्हा मुळशीत येऊ. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून हिंजवडीला संगणक उद्योगाची वसाहत उभी राहिली. हिंजवडी आणि माण ही गावे मुळशी तालुक्यातली. पिरंगुटला कारखाने आले. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात उत्पादन जिथे होते तिथे ते धरण्याची पद्धत आहे. त्यामुळे कोणी मुळशी तालुक्याचे उत्पन्न काढून त्याला तालुक्याच्या लोकसंख्येने भागले, तर उत्तर थक्क करणारे येईल. (देशाचे २०२२–२३ चे दरडोई उत्पन्न, २०११–१२ पायाच्या मालिकेप्रमाणे, चालू किंमतींना सुमारे एक लाख सत्तर हजार रुपये होते, महाराष्ट्राचे अडीच लाखांच्या घरात.) पण त्या उत्तराचा ताम्हिणीकडच्या भातखाचराशी किंवा कातकऱ्यांच्या पाड्याशी काय संबंध? १९२७ साली मुळशीच्या पाण्याचे उत्पन्न मुंबईच्या खात्यात जमा झाले. आता बाहेरून आलेल्या माणसांचे उत्पन्न मुळशीच्या खात्यात जमा होते. दोन्ही वेळा भागाकार बरोबर, आणि दोन्ही वेळा खोऱ्यातल्या माणसाबद्दल तो काही सांगत नाही.

ही संगणकवाली मंडळी संध्याकाळी मुक्कामाला जातात कुठे? वाकडला, बाणेरला, आणि बरीचशी पिंपळे सौदागरला. मॅनचे ते गाव आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत उंच इमारतींनी भरून गेले आहे. तिथले दहा गुंठे एके काळी दारिद्र्याची खूण होती. आता जमीन गुंठ्यावर विकून श्रीमंत झालेल्याला लोक ‘गुंठामंत्री’ म्हणतात. इथे हिशेबाचा आणखी एक बारकावा आहे. जमीन विकून आलेला पैसा राष्ट्रीय उत्पन्नात धरत नाहीत, कारण काही नवे निर्माण झालेले नसते. मालमत्तेने फक्त रूप बदललेले असते. म्हणजे गावातल्या जुन्या घरांत सर्वांत मोठी उलथापालथ ज्या पैशाने झाली तो अंशात येतच नाही. आणि १९२१ चा मोबदलाही त्या नियमाने उत्पन्न नव्हता. पैसा संपला की घरात काय उरले, मुलगा कामाला लागला का, हे पाहायचे तर घरोघरच जावे लागेल.

नववी-दहावीच्या वर्गाला हे काम झेपते. गावातल्या पाच-सहा घरचे जुने सातबारा आणि फेरफार उतारे घेऊन मॅनसारखी धारणक्षेत्राची उतरंड मांडता येते. उत्पन्नासाठी रुपये विचारू नयेत, लोक सांगत नाहीत आणि सांगितले तरी भाव बदललेले असतात. त्याऐवजी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारावे : तुम्ही मजुरीला जात होतात तेव्हा दिवसाच्या मजुरीत ज्वारी किंवा तांदूळ किती येत असे? १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेले लोक अजून आहेत, आणि त्यांना मजुरी व धान्याचा भाव बहुधा तोंडपाठ असतो. उत्तरे वर्षवार मांडून आलेख काढावा आणि शेवटी आजच्या मजुरीचे आणि रेशनबाहेरच्या धान्याचे माप टाकावे. एक अडचण येईल. जुनी माणसे पायली आणि शेरात सांगतील, आणि पायली गावोगाव वेगळी असते. तेव्हा कोणाच्या घरी जुनी पायली सापडली तर ती धान्याने भरून आधी तराजूवर तोलून घ्यावी.